कड्यावर सोडलेल्या रेघा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे डोंगर चिकटवणं. रविवारची दुपार, जेवणं उरकली होती. बंगळुरात, जे. पी. नगरातल्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली होती. मी गरम सरस लावत होतो आणि ती प्लायवूडचे कापलेले थर एकावर एक बसवत होती. सात थर बसले, दोन राहिले. ती म्हणाली, "उरलेले दोन उद्या. सरस सुकू दे. ओल्यावर ओलं चढवलं की सरकतं, तुम्हीच शिकवलंय."

"मी शिकवलेलं एवढं एकच बरं लक्षात राहिलं," मी म्हणालो.

ती हसली नाही. त्या महिन्यात ती हसतच नव्हती.

ऑफिसात तिला सगळे ट्रेसरबाई म्हणत. पुढं गल्लीतही तेच नाव झालं. दूधवालासुद्धा फाटकातून "ट्रेसरम्मा" अशी हाक मारायचा. मीही इथं तेच म्हणतो. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती आणि या वयात ती सुरू करत नाही. मी चौथी शिकलेला सुतार आहे. लिहिणं हे माझं काम नाही. पण ऑफिसच्या फायलीत तिच्याविषयी एक कागद पडून आहे, तो खोटा आहे, म्हणून मी हा दुसरा कागद लिहितो आहे. कुणाला राग आला तर येऊ दे. मला तो केव्हाचा आलेला आहे.

आमचं ऑफिस म्हणजे लढाईचा अभ्यास करणारी कचेरी. झाडांच्या रांगेत लपलेला एक जुना बंगला. कुठल्या खिंडीतून किती माणसं किती वेळात जातील, नवीन तोफ आली तर जुना बेत कुठं मोडेल, हेलिकॉप्टर आल्यावर खेचरं ठेवायची की काढून टाकायची, असल्या प्रश्नांवर साहेबलोक वर्षभर बोलत आणि शेवटी एक जाड पुस्तक बांधून दिल्लीला पाठवत. आमची माणसं तीन-साडेतीनशे वर्षांमागं मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडं कर्नाटकात आली नि इथलीच झाली. घोडे गेले, तलवारी गेल्या. मी करवत घेऊन लष्कराच्या कामाला लागलो, एवढाच काय तो फौजेशी राहिलेला संबंध. ट्रेसरबाई आनेकलच्या ड्रॉइंग मास्तरांची मुलगी. माझ्यापेक्षा पुष्कळ शिकलेली. तिचा हात बघून मीच तिला साहेबांकडं घेऊन गेलो होतो. ते नसतं केलं तर, असं आता रोज वाटतं.

काम काय होतं ते सांगतो. नकाशातला डोंगर रेघांचा असतो. समजा, डोंगराभोवती पाणी भरलं आणि ते थोडं थोडं वर चढत गेलं, तर दर वेळी डोंगराच्या अंगावर पाण्याची जी कड उमटेल, ती एकेक रेघ. रेघा दाट असल्या तर चढ उभा. रेघा लांब लांब असल्या तर जमीन सपाटीची. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. ट्रेसरबाई मूळ नकाशावर पारदर्शक कागद ताणून या रेघा शाईनं उतरवायची. मग मी एकेका रेघेवरून प्लायवूडचा एकेक थर कापायचो आणि थरावर थर चढवून टेबलाएवढा डोंगर उभा करायचो. कर्नलसाहेब वेताची छडी घेऊन त्याच्याभोवती फिरत आणि आपले बेत मांडत. ती ओढायची, मी कापायचो. घरात साध्या खिडकीच्या पडद्यावरून आमचं भांडण व्हायचं, पण डोंगराच्या कामात शब्द लागत नव्हता.

शाईच्या दिवशी ती उजव्या हातानं जड काही उचलायची नाही. बादली नाही, पिठाचा डबा नाही, कणीक मळणं तर नाहीच. "हात हलतो," म्हणायची. त्यामुळं आमच्याकडं सकाळी पाणी मी भरायचो आणि कणीक मी मळायचो. शेजारची गंगक्का भिंतीवरून बघत असायची.

"काय अण्णा, आज पण तुम्हीच? अक्का काय महाराणी आहे?"

आतून आवाज यायचा, "महाराणी असते तर पोळ्यासुद्धा त्यांनीच लाटल्या असत्या, गंगक्का!"

उजवा हात अंगाखाली दबू नये म्हणून ती कायम डाव्या कुशीवर झोपायची. माझ्याकडं पाठ करून. नोकरी लागली तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, माझ्यावर रागावली आहे. विचारायचं धाडस होईना. शेवटी विचारलं तर म्हणाली, "तुम्ही बाजू बदला ना. मला काय, भिंत बघितली काय नि तुम्ही काय." मी बाजू बदलली.

नवीन जागी गेली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "इथलं पाणी कुठं जातं?" नकाशातही ती आधी ओढे शोधायची आणि मग डोंगराला हात लावायची. आम्ही जागा बघायला आलो तेव्हा जे. पी. नगरात नुसतं माळरान होतं. एजंटानं दाखवलेली पहिलीच जागा मला पसंत पडली, रस्त्याला लागून होती. तिनं चपला काढल्या, अनवाणी इकडंतिकडं चालली आणि म्हणाली, "ही तळ्याची वाट आहे. नको."

एजंट म्हणाला, "अम्मा, तळं कधीच आटलं."

"तळं आटलं. वाट कुठं आटली?"

आम्ही वरच्या अंगाची जागा घेतली. खालच्या जागेत दुसऱ्यांनी घर बांधलं, आणि एका पावसाळ्यात त्यांची भांडी रस्त्यावर तरंगताना मी आमच्या पायरीवरून बघितली. "जिंकलीस," मी म्हणालो. "त्यात काय जिंकायचं?" ती माझ्यावरच खेकसली. "जा, त्यांच्या म्हातारीला उचलून इकडं आणा."

आता त्या रेघांचं सांगतो. जिथं सरळ कडा असतो, तिथं रेघा इतक्या जवळ येतात की शाई एकमेकींत मिसळून काळा डाग होतो. म्हणून ट्रेसर लोकांची एक रीत आहे. कड्यापाशी फक्त दर पाचवी, जाड रेघ पुढं न्यायची आणि मधल्या बारीक रेघा अलीकडंच थांबवायच्या. कड्याच्या पलीकडं त्या परत सुरू करायच्या. मधे मोकळी जागा दिसते, पण जाणत्याला कळतं की इथं भिंत आहे. ट्रेसरबाई तर वर समासात टीपही लिहायची, की कड्यावरच्या मधल्या रेघा सोडल्या आहेत, मूळ नकाशा बघावा. मी असे कितीतरी कडे कापले. मला चौथी शिकलेल्याला ते कळत होतं. कर्नलसाहेबांनाही कळत होतं. एकदा सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, "बाई, तुमच्या रेघेवर मी डोळे मिटून पलटण चालवीन." ते आयुष्यभर मराठा शिपायांत राहिलेले, मराठी आमच्यासारखंच बोलत. त्या दिवशी तिनं घरी येऊन मला दोनदा ते वाक्य म्हणून दाखवलं. मी ते विसरलेलो नाही.

नव्वद सालानंतर ऑफिसात कॉम्प्युटर आले. तोवर मी निवृत्त झालो होतो. माझा कॉम्प्युटरवर राग नाही. माझ्याही हातात शेवटी विजेची करवत आली होती आणि मी ती मुकाट्यानं शिकलो, कारण चालवायची कशी ते मी आधी विचारलं होतं. कॉम्प्युटरबरोबर एक डॉक्टर आला. औषधाचा नव्हे, पुस्तकाचा. हुशार होता, मी नाही म्हणत नाही. त्याला सगळे डोंगर मशीनमध्ये भरायचे होते. मूळ नकाशे जुने, घड्यांवर फाटलेले. ट्रेसरबाईचे कागद स्वच्छ. म्हणून त्यानं तिचेच कागद मशीनच्या काचेवर ठेवले. कागद काचेवर मावेनात, तर समास कापून टाकले. तिच्या टिपांसकट.

ती त्याच्याकडं गेली होती. "सर, कड्यावर मधल्या रेघा सोडलेल्या आहेत. मूळ नकाशा शेजारी ठेवून बघा."

तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "सरी, सरी, ठीक आहे, अम्मा. मशीन सगळं वाचतं."

"ओढलेली रेघ वाचेल, सर. सोडलेली कशी वाचणार?"

"अम्मा, प्लीज. काम आहे."

मशीननं काय केलं असेल ते तुमच्याही लक्षात आलं असेल. रेघा विरळ दिसल्या, म्हणून त्यानं तिथं सपाट उतार भरला. जिथं सगळ्यात उभा कडा, तिथं सगळ्यात सोपी वाट.

पुढचं मी पाहिलं नाही. ती मागच्या रांगेत बसली होती, तिनं सांगितलं तसं सांगतो. दिल्लीहून मोठे साहेब आले होते. पडद्यावर डोंगर रंगीत, गोल फिरणारा. नदीच्या पात्रातून एक लाल बाण थेट वरच्या धारेपर्यंत. नव्या गाड्या असल्या तर तोफा सकाळी निघून दुपारी वर पोचतील, असं डॉक्टर सांगत होता. कर्नलसाहेब शेजारी मान हलवत होते. पाहुण्यांतले एक जनरल उठून पडद्याजवळ गेले.

"इथून?"

"येस, सर."

"मी या जागी तीन हिवाळे काढलेत. इथं भिंत आहे. शेळी चढत नाही आणि तुम्ही माझी तोफ चढवताय? पोरं पडतील ती खाली कोण गोळा करणार, तुम्ही?"

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून. ती म्हणाली, "अहो, तो माणूस तिथं उभा राहिलेला होता म्हणून बरं. नसता तर?"

आणि मग ऑफिसात शोध सुरू झाला. चूक कशी झाली हे कुणालाच नको होतं. ती कुणाच्या गळ्यात बांधता येईल एवढंच बघायचं होतं. डॉक्टरच्या गळ्यात बांधावी तर त्याला निवडून इथं आणणारे साहेब अडकणार. कर्नलसाहेबांनी पुस्तकावर सही केलेली, ते तर अडकायलाच नकोत. राहिलं कोण? मागच्या रांगेतली बाई.

मेमो आला. इंग्रजीत, तीन ओळींचा. तिनंच मला वाचून दाखवला. ट्रेसरनं कड्यावरच्या रेघा निष्काळजीपणानं सोडल्या, त्यामुळं अभ्यासात चूक झाली, खुलासा करावा. खाली सही कर्नलसाहेबांची. डोळे मिटून पलटण चालवणार होते ते.

ती त्यांच्या खोलीत गेली. ते म्हणाले, "बाई, तुमच्या नोकरीचे थोडेच महिने राहिलेत. ट्रेसिंग तसंही बंद होतंय. चूक झाली असं लिहून खाली सही करा, मी फाईल मिटवतो. तो डॉक्टर तरुण आहे, त्याचं पुढचं सगळं बिघडेल."

"आणि माझं मागचं बिघडतंय ते, साहेब?"

यावर ते खिडकीबाहेर बघत राहिले म्हणे. खिडकीबाहेर काय होतं? गुलमोहर होता. तो त्यांनी वीस वर्षं बघितलेला होता.

इथं माझीही चूक लिहितो, नाहीतर मी त्या मेमोवाल्यांपेक्षा वेगळा नाही. मीही तिला म्हणालो, "कर सही आणि हो मोकळी. कोण बघतंय फायलीत?" तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. उजव्या हातानं. दाबून दाबून. शाईचा दिवस होता. मी दारात उभा राहून बघितलं. मी जाऊन परात ओढून घेतली. म्हणालो, "नको करू सही. चुकलं माझं."

तिनं हात धुतले, पुसले. म्हणाली, "मग लाकूड आणा."

नकाशा घरी आणायला बंदी होती. तिनं कधी चिठोराही घरी आणला नव्हता. पण तो डोंगर तिनं इतक्यांदा उतरवला होता की तिला बघायची गरजच नव्हती. रोज संध्याकाळी थोडं थोडं करत तिनं तो कोऱ्या कागदावर उतरवला. आधी नदी, मग ओढे, मग रेघा. मी म्हणालो, "कड्यापाशी सोडशील ना मधल्या?" ती म्हणाली, "या वेळी एकही सोडणार नाही. शाई मिसळली तर मिसळू दे. तुम्ही सगळ्या कापा." कड्याच्या मी सगळ्या कापल्या, वरचे दोन थर तेवढे कापायचे राहिले. कड्यापाशी थरांच्या कडा एकावर एक अशा बसल्या की उभी भिंत झाली, नखही आत शिरेना.

तिचा बेत साधा होता. बुधवारी हा डोंगर कर्नलसाहेबांच्या टेबलावर ठेवायचा. बोलायचं काही नाही. फक्त एवढंच म्हणायचं, "साहेब, नदीपासून बोट वर चढवा." बोट अडेल तिथं त्यांनी मेमोवर स्वतःच्या हातानं लिहायचं, की रेघ बरोबर होती.

त्या रविवारी सात थर चिकटवून झाल्यावर तिनं हाताचा सरस धुतला आणि चहाचा कप घेऊन पायरीवर बसली. म्हणाली, "डाव्या हाताला मुंग्या येतायत."

"उजव्याला नाही ना? मग चालतंय," मी म्हणालो. थट्टा केली हो मी. माझं तिच्याशी शेवटचं बोलणं ते.

कप खाली पडला. गंगक्काच्या जावयानं धावत जाऊन ऑटो आणली. ऑटोवाला एक हात बाहेर काढून "स्वल्प, स्वल्प" म्हणजे जरा सरका, असं ओरडत वाट काढत होता. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. इस्पितळाच्या दारात स्ट्रेचर आणला तोवर त्याचं काम उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढच्या खोलीत होती, आणि कोपऱ्यात तो डोंगर. के. आर. पुरमला दिलेली आमची मुलगी आली होती. मुलीचा मामा, म्हणजे ट्रेसरबाईचा भाऊ, आनेकलहून यायचा होता, म्हणून थांबलो होतो. बायका रडत होत्या. मी उठून आत गेलो, उरलेल्या दोन थरांचे कागद काढले आणि तिच्या शाईवरून करवत चालवली. मग स्टोव्ह पेटवून सरसाचा डबा त्यावर ठेवला. वास घरभर सुटला. गंगक्का आत धावली.

"अण्णा, मढं घरात असताना चूल पेटवताय?"

"चूल नाही. सरस आहे."

मुलगी म्हणाली, "अप्पा, असं काय करताय? लोक बघतायत."

"बघू दे. त्यासाठीच करतोय."

आठवा थर बसवला तेवढ्यात कर्नलसाहेब आले. पांढरा शर्ट, हातात मोगऱ्याचा हार. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं. तो मेमो मी आजच रद्द करतो. माणुसकी म्हणून."

मी म्हणालो, "माणुसकी तिनं मागितली नव्हती. इकडं या. बसा खाली."

ते बसले. गुडघे दुखत असतील, मला पर्वा नव्हती. "ही नदी," मी म्हणालो. "इथून बोट वर चढवा."

त्यांनी बोट ठेवलं. पात्रातून निघालं, पहिला थर चढलं, दुसरा चढलं आणि अडलं. त्यांनी दाबून बघितलं. बाजूला सरकवून बघितलं. मग तसंच भिंतीला टेकवून ठेवलं.

"काय आहे तिथं, साहेब?"

"कडा आहे."

"मोठ्यानं. गंगक्काला ऐकू आलं पाहिजे."

"इथं कडा आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "बाईची रेघ बरोबर होती." सगळी खोली ऐकत होती. दारात तिचा भाऊ येऊन उभा राहिला होता, त्यानंही ऐकलं.

"आता हेच लिहून द्या."

ते उठले. शर्टाची घडी नीट केली. "ते... ऑफिसात बघू. आता या वेळी..."

ते हार घेऊन तिच्याकडं वळले. मी त्यांचा हात धरला. "लिहिल्यावर," मी म्हणालो. ते हार हातात घेऊन भिंतीपाशी उभे राहिले. तो कागद त्यांनी नंतरही लिहिला नाही. रद्द केल्याची चिठ्ठी आली, माणुसकीची.

शेवटचा थर राहिला होता, वरच्या धारेचा, तळहाताएवढा. त्याला सरस लावून मी तो जागेवर बसवला आणि वरून हात दाबून धरला. तिचा भाऊ माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, "भावोजी, ऊन वर आलं. उचलूया."

"थांबा," मी म्हणालो. "ओलं आहे. सरकेल."

स्टोव्ह तेवढा फरफरत होता. सरस सुकेपर्यंत मी तिला उचलू दिलं नाही.